घरटॅक्स क्रेडिट कार्डावर: सोय कोणाची, खर्च कोणाचा?

नागपुरात घरटॅक्स, पाण्याचे बिल आणि वीजबिल तिन्ही घरबसल्या भरता येतात, आणि पैसे देण्याच्या पर्यायांत क्रेडिट कार्डही असते. इथे परीक्षण फक्त त्या एका पर्यायाचे आहे. मत आधीच सांगून टाकलेले बरे. महापालिकेने क्रेडिट कार्ड घ्यावे, पण त्याचा खर्च कार्ड वापरणाऱ्यानेच उचलावा. आणि बहुतेक घरमालकांनी, खात्यात पैसे असतील तर, त्या पर्यायाकडे बघूही नये. यूपीआय हाताशी असताना कार्ड काढायला दोनच कारणे पुरेशी ठरतात. ती पुढे हिशेबासकट येतील.

हा खर्च येतो कुठून ते आधी पाहू. कार्डाने व्यवहार झाला की पैसे घेणाऱ्याच्या रकमेतून बँक, कार्ड नेटवर्क (व्हिसा, रुपे वगैरे) आणि पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे पोहोचवणारी मधली कंपनी) आपापला वाटा कापून घेतात. या कपातीला एमडीआर म्हणतात. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर हा एमडीआर 1 जानेवारी 2020 पासून शून्य आहे. व्हिसा-मास्टरकार्डच्या डेबिट कार्डावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे: मोठ्या स्वीकारकर्त्याला मशीनवर किंवा ऑनलाइन जास्तीत जास्त 0.90 टक्के, आणि एका व्यवहाराला 1,000 रुपयांच्या वर नाही. क्रेडिट कार्डाला मात्र अशी कुठलीच मर्यादा नाही. दर करारावर ठरतो, सहसा दीड-दोन टक्क्यांच्या आसपास. शिवाय त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी.

आता महापालिकेच्या बाजूने बघा. एक कोटीचा टॅक्स यूपीआयने आला तर तिजोरीत एक कोटीच पडतात. तोच क्रेडिट कार्डाने आला आणि दर 1.8 टक्के असला, तर 1 लाख 80 हजार रुपये शुल्क आणि 32,400 रुपये जीएसटी, म्हणजे दोन लाखांच्या वर रक्कम वाटेतच गळते. दुकानदार असा जीएसटी आपल्या देण्यातून वजा करून घेतो. घरटॅक्सवर मुळात जीएसटीच नाही, त्यामुळे पालिकेला ती वजावट मिळत नाही. हा खर्च पालिकेने सोसायचा म्हटले तर तो सगळ्या करदात्यांवर पडतो. मानेवाड्याला दोन खोल्यांच्या घरात राहणारी, रांगेत उभी राहून रोख भरणारी बाई धरमपेठेतल्या फ्लॅटवाल्याच्या कार्डाचे शुल्क भरते, असा त्याचा अर्थ. उलट, शुल्क कार्डधारकाकडून वेगळे घेतले तर पालिकेला पूर्ण रक्कम मिळते आणि सोय हवी असलेला माणूस सोयीचे पैसे देतो. आमच्या मते हीच रास्त व्यवस्था आहे.

महावितरणने हा प्रश्न फार गाजावाजा न करता सोडवला आहे. क्रेडिट कार्ड वगळता वीजबिल भरण्याचे इतर सर्व ऑनलाइन पर्याय निःशुल्क आहेत. लघुदाब, म्हणजे घरगुती आणि इतर लहान जोडणीच्या, ग्राहकाला ऑनलाइन भरण्यावर 0.25 टक्के सूटही मिळते, जास्तीत जास्त 500 रुपये. रोखीने भरायची मर्यादा 1 ऑगस्ट 2023 पासून महिन्याला 5,000 रुपये केली आहे. म्हणजे ग्राहकाला स्वस्त वाटेकडे ढकलायचे, महाग वाट उघडी ठेवायची, पण तिचा टोल तिच्यावरून जाणाऱ्याने द्यायचा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी हेच धोरण उचलावे. पालिका असो, सुधार प्रन्यास असो की शहराबाहेरची ग्रामपंचायत, गणित सगळीकडे सारखेच आहे.

काही जण म्हणतात की कार्ड घेतल्याने वसुली वाढते, मग शुल्क सोसायला काय हरकत आहे? अर्धे खरे आहे. रोख मोजणे, नकली नोट, परत आलेला धनादेश, खिडकीवरचे मनुष्यबळ यांनाही पैसे लागतात. पण या सगळ्यांवर यूपीआय हाच फुकटचा उतारा आहे. क्रेडिट कार्डाने जी जादा वसुली होते ती फक्त अशांची, ज्यांच्या खात्यात आज पैसे नाहीत पण महिन्याभरात येणार आहेत. हा गट खरा आहे, आणि त्याच्यासाठीच पर्याय चालू राहावा.

एका घराचा हिशेब

घरटॅक्स 18,000 रुपये आणि कार्डाचे सुविधा शुल्क 1 टक्का धरू. तुमच्या पडद्यावर दिसेल तो दर घालून हाच हिशेब पुन्हा करता येईल. शुल्क 180 रुपये, त्यावर जीएसटी 32 रुपये 40 पैसे. एकूण जादा 212 रुपये 40 पैसे. यूपीआयने हेच शून्य. खात्यात पैसे असतील तर विषय इथेच संपला.

पैसे नसतील तर? टॅक्स मुदतीत भरला नाही तर थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. 18,000 वर एका महिन्याचे 360 रुपये. पगार किंवा धान्याचे पैसे तीन आठवड्यांनी येणार असतील तर 212 रुपये देऊन 360 वाचवणे शहाणपणाचे आहे. सवलतीचा हिशेबही तसाच. ज्या वर्षी लवकर भरणाऱ्यांना सूट जाहीर होते, त्या वर्षी 5 टक्के सूट धरली तरी 900 रुपये होतात. मुदत संपत आली असेल तर कार्डाने भरून ती सूट पकडावी. हे झाले पहिले कारण.

याला एक अट आहे, आणि तिच्यावरच सगळे अवलंबून आहे: कार्डाचे बिल देय तारखेला पूर्ण भरले पाहिजे. ‘किमान देय रक्कम’ भरून पुढे ढकलले, तर महिन्याला साडेतीन टक्के व्याजाने 18,212 रुपयांवर सुमारे 637 रुपये आणि वर जीएसटी 115 रुपये. एका महिन्याला 752 रुपये. पालिकेची शास्ती याच्या निम्म्याहून कमी आहे! कार्डावर आधीचीच बाकी राहिलेली असेल तर आणखी वाईट, कारण मग बिनव्याजी मुदत मिळतच नाही आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते. अशा माणसाने टॅक्स उशिरा भरावा, पण कार्डाने भरू नये.

बिनव्याजी मुदत किती मिळेल हे स्टेटमेंटच्या तारखेवर ठरते. स्टेटमेंट दर महिन्याच्या 5 तारखेला निघत असेल आणि देय तारीख 23 असेल, तर 4 तारखेला भरलेला टॅक्स 19 दिवसांत फेडावा लागतो. 6 तारखेला भरला तर दीड महिन्याच्या वर सवड मिळते. टॅक्सची मुदत परवानगी देत असेल तर स्टेटमेंट निघून गेल्यावरच भरावा.

दुसरे कारण मोठ्या थकबाकीचे. जप्तीची नोटीस दाराशी आली आहे, एकरकमी भरायचे आहे, आणि बँक कार्डावर हप्ते करून देते. वरच्याच रकमेचे सहा हप्ते, वार्षिक 15 टक्के व्याज धरले, तर व्याज सुमारे 805 रुपये, त्यावरचा जीएसटी 145, प्रक्रिया शुल्क 199 असेल तर जीएसटीसह 235, आणि मुळातले 212. एकूण सुमारे 1,400 रुपये. पालिकेकडेच दरमहा तीन-तीन हजार फेडत शास्ती सोसली असती तर साधारण 1,260 रुपये गेले असते. फरक किरकोळ आहे, पण कार्डाच्या मार्गात पालिकेची थकबाकी आजच शून्य होते आणि जप्तीची टांगती तलवार उतरते. तेवढ्यासाठी दीडशे रुपये जादा द्यायला हरकत नाही. मात्र बँक सरकारी भरणा हप्त्यांत बदलू देते का, हे टॅक्स भरण्याआधी विचारावे. नंतर नकार आला तर पूर्ण रक्कम पुढच्या स्टेटमेंटमध्ये उभी राहते. शास्ती माफ करणारी अभय योजना चालू असेल तर हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा, कारण माफ होणारी शास्ती कुठल्याही कार्डाच्या शुल्कापेक्षा मोठी असते.

कार्डाचे बक्षीस-पॉइंट मिळवण्यासाठी टॅक्स भरायचा विचार असेल तर तो सोडा. प्रत्येक स्वीकारकर्त्याला कार्ड नेटवर्कचा चार अंकी वर्ग-क्रमांक असतो. कर भरण्यासाठी 9311, इतर सरकारी सेवांसाठी 9399, वीज-पाण्यासाठी 4900. बऱ्याच बँका 9311 आणि 9399 वर पॉइंट देतच नाहीत, आणि वीज-पाण्याच्या भरण्यावर मर्यादा लावतात किंवा ठरावीक रकमेच्या वर स्वतःचे शुल्क आकारतात. ते पालिकेच्या पडद्यावर दिसत नाही, थेट स्टेटमेंटमध्ये उगवते. आपल्या कार्डाच्या अटींच्या कागदात ‘शासकीय’ आणि ‘युटिलिटी’ हे दोन शब्द शोधले की दोन मिनिटांत उलगडा होतो.

भरताना

टॅक्सच्या पावतीवरचा इंडेक्स नंबर (पालिकेच्या नोंदीतला तुमच्या घराचा क्रमांक) आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक जवळ ठेवा. नंबर टाकल्यावर येणारे मालकाचे नाव, घर क्रमांक आणि झोन नीट वाचा. दहा झोनच्या शहरात एक आकडा चुकला तर शेजाऱ्याचा टॅक्स भरला जातो, आणि भरलेला टॅक्स दुसऱ्या इंडेक्सवर फिरवून घ्यायला अर्ज, दोन्ही पावत्या आणि झोन कार्यालयाच्या चकरा लागतात. चालू मागणी आणि थकबाकी वेगवेगळी बघा. जुनी रक्कम भरूनही दिसत असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या, कारण ऑनलाइन भरलेले पैसे सहसा आधी जुन्या बाकीत वळते होतात.

कार्डाचा पर्याय निवडल्यावर सुविधा शुल्क शेवटच्या पानावर, ‘पैसे भरा’ बटणाच्या अगदी वर येते. पर्यायांच्या यादीत ते दिसतेच असे नाही, आणि या सेवेतला आमच्या लेखी सर्वांत मोठा दोष हाच. कुठल्या पर्यायाला किती शुल्क, हा तक्ता पहिल्याच पानावर हवा आणि टॅक्सच्या छापील बिलाच्या मागेही हवा. डेबिट कार्डाबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे: एमडीआर ग्राहकाच्या माथी मारायचा नाही. तिथे वेगळे शुल्क दिसले तर थांबा आणि यूपीआय निवडा.

ओटीपी टाकल्यानंतर पान आपोआप पालिकेच्या संकेतस्थळावर परत येईपर्यंत ब्राउझर बंद करू नका, मागे जाऊ नका. सगळा घोटाळा याच टप्प्यावर होतो. बँक होकार गेटवेला देते, गेटवे तो पालिकेच्या सर्व्हरला कळवतो. ही शेवटची कडी तुटली तर कार्डावर रक्कम चढलेली असते, पण इंडेक्सवर मागणी तशीच दिसते. 31 मार्चच्या संध्याकाळी सगळे शहर एकाच पानावर असते आणि ही कडी तेव्हाच तुटते. चार-पाच दिवस आधी भरणे हाच इलाज.

पैसे कापले, पावती नाही, अशी वेळ आली तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी कार्डाच्या ॲपमध्ये पाहा. क्रेडिट कार्डावर रक्कम आधी नुसती अडवून ठेवली जाते आणि मागाहून प्रत्यक्ष आकारली जाते. एसएमएस दोन्हीला सारखाच येतो. पालिकेने व्यवहार उचललाच नाही तर अडवलेली रक्कम सुटते. सप्टेंबर 2019 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार ऑनलाइन कार्ड व्यवहारात पैसे कापून पुढे पुष्टी पोहोचली नसेल तर व्यवहारानंतर 5 दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे, आणि त्यानंतर दर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. मोजणी व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापासून करायची. तक्रारीत तीन क्रमांक द्या: संकेतस्थळाचा व्यवहार क्रमांक, गेटवेचा क्रमांक आणि बँकेचा 12 अंकी संदर्भ क्रमांक, म्हणजे आरआरएन. नुसता ‘पैसे कटले’ असा स्क्रीनशॉट पाठवला तर पालिकेतला कारकून काहीच शोधू शकत नाही, त्याच्या यादीत तुमचा कार्ड क्रमांक नसतोच.

दोनदा भरला गेला तर? जादा रक्कम सहसा पुढच्या मागणीत वळती होते, हातात परत मिळत नाही. सुविधा शुल्क तर कुठेच वळते होत नाही. कार्डवाला घाईत बँकेकडे वाद नोंदवून रक्कम परत ओढून घेतो, आणि इकडे पालिकेच्या नोंदीत टॅक्स पुन्हा थकीत होतो, शास्तीसह. वाद नोंदवण्याआधी दोन्ही व्यवहारांपैकी कुठला इंडेक्सवर जमा झाला ते तपासा आणि फक्त दुसऱ्यावरच वाद घाला.

पावती पीडीएफमध्ये उतरवून ठेवा आणि तिच्यावरची तारीख वाचा. गेटवेकडून पालिकेच्या खात्यात पैसे पोहोचायला एखादा कामाचा दिवस जातो. पण शास्ती आणि सवलत मोजताना तुम्ही पैसे भरल्याची तारीख धरली गेली पाहिजे. 31 मार्चला भरून पावतीवर एप्रिल छापला गेला तर तेव्हाच हरकत घ्या, पुढच्या बिलाची वाट पाहू नका.

खिडकीवरचे मशीन

झोन कार्यालयाच्या खिडकीवर कार्ड मशीन असणे ऑनलाइनपेक्षाही महत्त्वाचे आहे, कारण ज्यांना संकेतस्थळ जमत नाही ते तिथेच येतात. मशीनची चिठ्ठी ही टॅक्सची पावती नाही. ती बँकेच्या व्यवहाराची नोंद आहे, आणि थर्मल कागदावरची अक्षरे नागपूरच्या उन्हाळ्यात लवकर उडतात. इंडेक्स नंबर असलेली संगणकीय पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. पिन स्वतः दाबा. रक्कम आधी मशीनवर वाचा, कारण शुल्क जोडलेला आकडा तिथेच दिसतो. मशीन ‘डिक्लाइन’ म्हणाले तर बहुधा कार्डाची एका व्यवहाराची मर्यादा आड आलेली असते. ती ॲपमधून जागच्या जागी वाढवता येते.

सीताबर्डीतले मोठे गाळे, इतवारीची गोदामे, मंगल कार्यालये यांचा टॅक्स लाखात असतो. तिथे कार्ड जवळजवळ नेहमीच तोट्याचे. दोन लाखांवर 1 टक्का शुल्क आणि जीएसटी धरला तर 2,360 रुपये. यूपीआयची नेहमीची मर्यादा 1 लाख असली तरी कर भरण्यासाठी ती सप्टेंबर 2024 मध्ये 5 लाख केली गेली. मात्र त्यासाठी पालिकेची नोंद ‘कर’ या वर्गात असावी लागते आणि तुमच्या बँकेनेही मर्यादा वाढवलेली हवी. तसे नसेल तर नेट बँकिंग. धनादेशाचीही आता तेवढी भीती नाही, कारण 4 ऑक्टोबर 2025 पासून धनादेश दिवसभर सलग वटवले जातात. फक्त सही आणि तारीख काटेकोर हवी.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआय ॲपला जोडून क्यूआर स्कॅन करण्याची सोय 2022 पासून आहे. यात वेगळे सुविधा शुल्क सहसा दिसत नाही, म्हणून ती मोहात पाडते. पण एमडीआर तिथेही आहे, फक्त तो पालिकेच्या खात्यातून जातो. म्हणूनच अनेक सरकारी क्यूआरवर हा पर्याय बंद ठेवलेला असतो. कार्ड फिकट दिसले किंवा व्यवहार नाकारला गेला तर ॲप बदलून उपयोग नाही, बंदी क्यूआरच्या बाजूने असते.

पाण्याच्या बिलाला कार्ड लावण्यात काही अर्थ नाही. शहराला पाणी पुरवणाऱ्या ऑरेंज सिटी वॉटरचे घरगुती बिल इतके लहान असते की बिनव्याजी महिन्याचा फायदा काही रुपयांचा, आणि शुल्क त्याहून जास्त. यूपीआय किंवा भारत बिल पेमेंटच्या कुठल्याही ॲपवरून भरा. तिथे व्यवहाराला वेगळा संदर्भ क्रमांक मिळतो आणि तक्रार त्याच ॲपमध्ये नोंदवता येते. ॲपने स्वतःचे ‘प्लॅटफॉर्म शुल्क’ जोडले आहे का ते मात्र शेवटच्या पडद्यावर पाहा.

फसवणुकीत क्रेडिट कार्डाची बाजू थोडी उजवी आहे, कारण बचत खाते थेट रिकामे होत नाही आणि वाद चालू असताना पैसे बँकेचे अडकलेले असतात. ‘बिल थकले, आज रात्री नळ कापणार’ असा संदेश आणि सोबत एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर ती उघडूच नका. कुठलीही पालिका व्हॉट्सॲपवर ॲप पाठवून टॅक्स घेत नाही. गडबड झालीच तर कार्ड ॲपमधून तत्काळ बंद करा, सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर कळवा आणि बँकेला तीन कामाच्या दिवसांच्या आत लेखी द्या. चूक तुमची किंवा बँकेची नसून मधल्या कोणाची असेल, तर त्या मुदतीत कळवणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येत नाही. पण ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवण्याआधीचे नुकसान तुमचेच.